तोंडाशी आलं की हात थांबतोय

“लोकांना आवडेल का, या विचारानंच काम अडतं.” कविता करणारे, रांगोळी काढणारे, नाटकात उतरणारे, सगळ्यांकडून ही तक्रार ऐकू येते. खानापूर तालुक्यातल्या एका तरुण मूर्तिकाराची हकीकत तिचं चांगलं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो म्हणाला, “अंगाचं सगळं जमतंय, खरं तोंडाशी आलं की हात थांबतोय.” आदल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं ‘चेहरा प्रसन्न नाही’ म्हणून गणपती नाकारला होता. तेव्हापासून तो सोंड आणि गाल ओल्या बोटानं पुन्हा पुन्हा पुसत बसे. शाडूला हे सोसत नाही. पाणी जास्त झालं की कोरलेल्या कडा विरतात. वरचा भिजलेला थर सुकताना आतल्या मातीपेक्षा जास्त आकसतो आणि तडे जातात. म्हणजे मूर्ती बिघडत होती ती दुरुस्तीनंच. तडा दिसला की मात्र त्याला आपली भीती खरी ठरल्यासारखं वाटे.

‘काळजी सोड’ म्हणून काळजी सुटत नाही. दाबलेला विचार जास्त उसळतो. म्हणून काळजीलाच वेळ नेमून दिली: रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा, कामाच्या जागेपासून दूर, परसात. तेव्हा वहीत सगळं लिहायचं. काम करताना विचार आलाच तर पाटीवर एक शब्द, ‘गिऱ्हाईक’ किंवा ‘पैसे’, आणि हात परत मातीवर. ही वेळ झोपायच्या तोंडावर ठेवू नये, झोप उडते.

घडवणं आणि पारखणंही वेगळं केलं. चेहऱ्यावर सलग 40 मिनिटं काम. तेवढ्यात फोटो काढून कुणाला पाठवायचा नाही. मग मूर्ती ओल्या फडक्यानं झाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी, आणि दुरुस्त्या जास्तीत जास्त तीन. 1979 साली मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काम तपासलं जाणार हे आधीच कळलेल्या विद्यार्थिनींची कोलाजं सर्वसाधारणपणे कमी सर्जनशील ठरली. परीक्षक शेजारी बसला की हात आखडतो, मग तो मनातला का असेना.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. तो रोज ‘आज चिंता किती कमी झाली’ हे मोजू लागला. निकालाची काळजीच दुसऱ्या दारानं आत आली. ते मोजणं थांबवलं. कॅलेंडरवर फक्त ‘बसलो’ची खूण ठेवली.

पैशाची काळजी मात्र खोटी नव्हती, तिला विचार म्हणून बाजूला सारणं चुकीचं ठरलं असतं. तिच्यासाठी वेगळा उपाय केला: बयाणा घेतानाच चेहऱ्याचा नमुना दाखवून गिऱ्हाइकाची पसंती घ्यायची.

चौथ्या आठवड्यात त्यानं सांगितलं की डोळ्यांच्या आखणीला बसताना छाती अजून धडधडते. त्या आठवड्यात सहा मूर्तींची आखणी झाली होती.