आधी गाठ, मग आकार
वाचकांचे प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

प्रश्न : आईचं वय 54. डाव्या स्तनात खालच्या बाजूला साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे, बायोप्सीत कॅन्सर निघाला. तिची छाती जड आहे. सर्जन म्हणतात, स्तन काढायची गरज नाही, गाठ काढून त्याच ऑपरेशनमध्ये आकार देऊ. मामा-मावशी म्हणतात, मुळासकट काढून टाका, या वयात आकाराचं काय घेऊन बसलात? आई गप्प आहे. (एक वाचक, कराड)

उत्तर : मामा-मावशींचा जीव तुटतोय हे खरं, पण 'मुळासकट' हा शब्द इथे फसवा आहे. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून नंतर रेडिएशन दिलं, तर पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतकंच आयुष्य मिळतं. इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांत 20 वर्षं पाठपुरावा करून 2002 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. अट एकच : रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात, ते चुकवायचं नाही.

मग आकाराची भानगड कशाला? खालच्या बाजूची मोठी गाठ नुसती काढून कातडी शिवली, की खड्डा पडतो. रेडिएशननंतर तो आणखी आवळतो आणि बोंड खाली वळून पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं. स्तनाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग निघणार असेल, तर आकाराचा विचार त्याच टेबलावर व्हायला हवा. रेडिएशन झालेल्या भागावर नंतर दुरुस्ती करणं फार अवघड. तिथली कातडी आणि रक्तपुरवठा पहिल्यासारखा राहत नाही.

जड छाती इथे आईच्या पथ्यावर पडते. स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये खालचा जो भाग एरवीही काढला जातो, त्यातच ही गाठ बसते. ऑपरेशनआधी आईला उभं करून किंवा बसवून पेनने खुणा करतील, कारण आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतो आणि मापं चुकतात. छेद बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावरून फिरतो, तिथून सरळ खाली येतो आणि स्तनाखालच्या वळीतून आडवा जातो. बोंड कापून वेगळं करत नाहीत. वरून येणाऱ्या रक्तपुरवठ्यासकट वर सरकवतात. छेदाच्या दोन्ही बाजूंना उरलेले मांसाचे दोन खांब मध्ये आणून शिवले, की आकार तयार होतो.

काढलेल्या तुकड्याला सर्जन दोरे बांधतात, बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बगलेकडच्या. तुकड्याच्या कडेवर कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर कुठली कड, हे पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच कळतं. पोकळीच्या भिंतींना टायटेनियमच्या बारीक क्लिपा लावतात. मांस एकदा इकडचं तिकडे झालं, की गाठीची मूळ जागा टाक्याखाली सापडेलच असं नाही. रेडिएशनचा जादा डोस द्यायचा तर या क्लिपांशिवाय अंदाजपंचे काम होतं. 'क्लिपा लावणार ना?' हे सर्जनना जरूर विचारा.

आता जोखीम. काढलेल्या तुकड्याच्या कडेला तपासण्याआधी शाई लावतात; त्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नसतील तर पुरे. कॅन्सर फक्त दुग्धनलिकांतच असेल तर 2 मिलिमीटर अंतर लागतं. कड खराब आली, तर पुन्हा ऑपरेशन किंवा पूर्ण स्तन काढणं, हे आधीच घरात बोलून ठेवा. दुसरा कच्चा दुवा म्हणजे उभा आणि आडवा टाका मिळतो ते टोक. तिथे ताण सर्वांत जास्त आणि रक्त सर्वांत कमी, म्हणून जखम उकलते ती बहुधा तिथेच. एरवी ड्रेसिंगने भरते, पण तेवढ्यासाठी कीमो किंवा रेडिएशन लांबलं तर ते महागात पडतं. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा.

उजवी बाजू जड राहून फरक दिसेल. ती त्याच वेळी लहान करता येते, किंवा रेडिएशन संपून सहा महिने ते वर्ष गेल्यावर. डावा स्तन रेडिएशनने आणखी थोडा आक्रसतो, म्हणून आमचा कल थांबण्याकडे. मात्र पाठ-खांदे दुखण्याइतकं वजन असेल, तर एकाच भुलीत उरकणंही चूक नाही.

सूज आणि लाली आलेला दाहक कॅन्सर, स्तनभर विखुरलेल्या गाठी किंवा रेडिएशन देताच येणार नाही अशी परिस्थिती असेल, तर हा मार्ग सहसा बंद असतो. वय 54 या यादीत कुठेच नाही.

प्रश्न : माझी छाती लहान, गाठ बाहेरच्या बाजूला. डॉक्टर म्हणतात बगलेखालचा भाग वळवून खड्डा भरू, पण मिश्री बंद करा. दात घासायच्या मिश्रीचा इथे काय संबंध? (बार्शी)

उत्तर : थेट संबंध आहे. लहान स्तनात सरकवायला मांसच नसतं, म्हणून बगलेखाली छातीच्या कडेची कातडी आणि चरबी उचलून आत वळवतात. तो तुकडा जगतो एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीवर. ऑपरेशनआधी डॉप्लर यंत्राने तिचा आवाज ऐकून जागा आखून घेतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि अशा बारीक वाहिन्या आवळतं. मग तुकड्याचं टोक जांभळं, नंतर काळं पडतं. किमान चार आठवडे आधी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री, गुटखा, बिडी बंद. 'फक्त सकाळची एकदा' हेही मोजायचं. निकोटिनच्या गोळ्या चघळत असाल तर तेही सांगा.

प्रश्न : ऑपरेशनच्या संध्याकाळी आईला हिरवी-निळी लघवी झाली. घाबरलो. (म्हापसा)

उत्तर : कॅन्सर पसरला तर बगलेतल्या ज्या लसिका-गाठीत आधी पोहोचतो, ती पहिली गाठ शोधायला निळा रंग टोचतात, तो लघवीवाटे जातो. एक-दोन दिवसांत थांबतो. स्तनावरचा निळा डाग मात्र काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतो.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी असंच ऑपरेशन झालं, रेडिएशनही पूर्ण. आता टाक्याजवळ सुपारीएवढी टणक गाठ लागते. परत आला का? (नाशिक)

उत्तर : सरकवलेल्या चरबीला रक्त कमी पडलं तर ती मरते आणि अशीच टणक लागते. या ऑपरेशननंतर हे बऱ्यापैकी आढळतं. पण हाताला दोन्ही सारखीच लागतात, त्यामुळे घरी अंदाज बांधत बसू नका. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करा. मेलेल्या चरबीत तेलाची पिशवी आणि तिच्याभोवती अंड्याच्या टरफलासारखी कड दिसली, तर सहसा पुढे काही करावं लागत नाही. चित्र स्पष्ट नसेल तर सुईने तुकडा काढून तपासतात. जाताना ऑपरेशनच्या कागदाची प्रत आणि जुन्या फिल्म न्या. मांस कुठून कुठे सरकवलं आणि क्लिपा कुठे आहेत हे तपासणाऱ्याला कळलं नाही, तर साध्या व्रणावरही सुई टोचली जाते.