एसआरए वसाहतीतल्या नाट्यशाळेला पैसा: आधी खर्चाचे तुकडे पाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या (एसआरए) सात मजली चार इमारती, ४० मुलं, सहा महिन्यांची नाट्यशाळा, शेवटी मोकळ्या जागेत प्रयोग आणि एका इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर मोठं चित्र. गट नोंदलेला नाही. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशासाठी, अर्ज कसा करायचा?

यंदा तुमच्या नावावर करता येणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ चा पैसा ज्या संस्थेला द्यायचा, ती ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ कंपनी (नफा न वाटणारी) म्हणून नोंदलेली लागते. सोबत आयकराच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणीही लागते. आज धर्मादाय कार्यालयात गेलात तरी तीन वर्षांचा अनुभव काही विकत मिळत नाही. तेव्हा मुलांच्या शिक्षणात आधीपासून काम करणारी, ही कागदपत्रं असलेली संस्था शोधा आणि तिच्या छत्राखाली प्रकल्प चालवा. ती हिशेब ठेवण्याचे काही टक्के घेईल. घासाघीस करा, पण ते नाकारू नका. ऑडिट तिला द्यावं लागतं. करार लेखी करा आणि पैसे किती दिवसांत मोकळे होतील हे त्यात लिहूनच घ्या. भांडणं टक्क्यांवरून कमी होतात, अडकलेल्या चेकवरून जास्त.

वसाहतीतलं गणेशोत्सव मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर तेही यजमान होऊ शकतं, पण फक्त लहान देणग्यांसाठी. धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर गेला की ८०जी टिकत नाही, त्यामुळे बहुतेक मंडळांकडे ते नसतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ‘एकूण साडेतीन लाख’ असा एक आकडा घेऊन दारोदार फिरताय. तसं फिरू नका. प्रत्येक पैशाला स्वतःच्या अटी असतात. आमदार-खासदार निधी टिकाऊ कामासाठी असतो: खुला मंच, शेड, वाचनालयाची खोली. त्यातून प्रशिक्षकाचं मानधन निघणार नाही. रंगाची कंपनी रंग देईल, रोख देणार नाही. दुकानदार वडापाव देईल, पावती मागणार नाही. मानधन आणि रोजचा खाऊ, हे दोन खर्च कुणालाच नको असतात; खरा निधी त्यांच्यासाठी उभारायचा आहे.

हिशेब मांडून बघा. २४ आठवडे, आठवड्याला दोन सत्रं, म्हणजे ४८ सत्रं. दोन प्रशिक्षक, प्रत्येकी सत्राला १,५०० रुपये धरले तर १,४४,००० रुपये. खाऊ माणशी २० रुपये, ४० मुलं, ४८ सत्रं: ३८,४०० रुपये. तुमच्या अंदाजपत्रकात खाऊसाठी पाच हजार आहेत. तिसऱ्या आठवड्याअखेर ते जवळजवळ संपतील आणि त्यानंतर शाळेतून थेट येणारी मुलं गळायला लागतील. शिवाय प्रत्येक प्रशिक्षकाचे ७२ हजार होतात, म्हणजे यजमान संस्था १० टक्के टीडीएस कापणार. हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्या हप्त्यालाच तोंडं वाकडी होतील.

सीएसआरच्या प्रस्तावात ‘महोत्सव’ हा शब्द टाळा. एकदाच होणारे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे, मॅरेथॉन हे सीएसआर खर्चात धरत नाहीत, हे सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलंय. ४८ सत्रांची शाळा हा मुख्य प्रकल्प आणि प्रयोग हे त्याचं शेवटचं सत्र, अशी मांडणी करा. सीएसआरमध्ये कोणती कामं बसतात त्याची यादी कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे; तीत कला-संस्कृती आहे, पण मुलांच्या कामाला शिक्षणाचं कलम जास्त सरळ बसतं. ‘झोपडपट्टी विकास’ असंही कलम आहे. ते सरकारने घोषित केलेल्या झोपडपट्टीसाठी. इमारतीत राहायला आलेल्या माणसाला तो शब्द किती लागतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रस्तावाची प्रत वसाहतीत फिरणारच आहे, हे धरून लिहा.

बॅनरवर कंपनीचं नाव आभार म्हणून येऊ द्या, जाहिरात नको. मालाची प्रसिद्धी झाली की तो प्रायोजकत्वाचा व्यवहार ठरतो, जीएसटीचा प्रश्न येतो आणि सीएसआरमधूनही तो बाहेर पडतो. पुढाऱ्यांच्या फोटोंबद्दल एकच सांगतो: एका पक्षाचा लागला की दोन इमारतींची मुलं येणं बंद होतं.

दारोदार वर्गणी काढायची असेल तर नोंदणी नसलेल्या गटाला सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१सी खाली तात्पुरती परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच. पैसे कुणा एकाच्या यूपीआयवर घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असो, दुसऱ्या महिन्यात कुजबुज सुरू होते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळातला कुणी पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात. परदेशी नागरिकाचे, ओसीआय कार्डवाल्याचेसुद्धा (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक), एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाहीत.

नोंदणी नसताना एक दार मात्र उघडं आहे. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तीलाही अनुदान देतं आणि मराठीतला अर्जही स्वीकारतं. पण त्यांना कलाकाराचा शोध हवा असतो, शिकवणीवर्ग नको. तुमच्या प्रशिक्षकांपैकी कुणी वसाहतीतल्या स्थलांतराच्या आठवणींवर नाटक रचणार असेल तर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

भिंतीचा प्रकल्प पूर्ण वेगळा ठेवा. चेन्नईच्या कन्नगी नगर या पुनर्वसन वसाहतीत २०२० च्या सुमारास स्टार्ट इंडिया फाउंडेशनने भित्तिचित्रं केली, तेव्हा एशियन पेंट्स आणि महापालिका दोघंही सोबत होते. तुम्हालाही अशीच जोडी हवी: रंग वस्तुरूपात आणि परवानगी भिंतीच्या मालकाकडून. तुमच्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. सेक्रेटरीचं ‘करा हो’ पुरत नाही. ७० बाय ३० फुटांची भिंत म्हणजे २,१०० चौरस फूट. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात द्यायला लिटरला साधारण ५० चौरस फूट धरा, म्हणजे ४२ लिटर. चित्रात रंग अनेक, डबे अर्धवट उरतात, म्हणून चौथाई जास्त घ्या. प्रायमर वेगळा. पण खरा खर्च परांचीचा. इमारतीचं बाहेरचं रंगकाम निघणार असेल तर तोवर थांबा. परांची उभी असतानाच चित्र उरकता येतं आणि सर्वात मोठा आकडा गळून पडतो.

त्याआधी ओल तपासा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा, २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले किंवा खालचा गिलावा काळपट पडला तर रंग लावू नका. न्हाणीघराच्या डक्टमधून ओल येत असते. ती बंद न करता काढलेलं चित्र पहिल्याच पावसाळ्यात फुगे धरतं. ही चाचणी खालच्या, मधल्या आणि वरच्या मजल्यावर, तिन्ही ठिकाणी करा. काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच.

जागेचं भाडं अंदाजपत्रकातून काढून टाका. एसआरए इमारतीच्या नकाशात बालवाडी आणि वेल्फेअर सेंटर असतं. बहुधा कुलपात किंवा जुन्या सामानाने भरलेलं. सत्रांच्या तारखा घालून कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रयोगाला ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून मिळते, रात्री १० ला आवाज बंद.

शेवटचा हप्ता अहवाल आणि खर्चाचं प्रमाणपत्र दिल्यावर येतो, बऱ्याचदा प्रयोगानंतर कितीतरी महिन्यांनी. म्हणून मानधन आणि खाऊ पहिल्या हप्त्यांत बसवा, छपाई आणि स्मृतिचिन्हं शेवटच्या हप्त्यावर टाका. हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून ठेवा. मुलांचे फोटो देणगीदाराला द्यायचे तर पालकांची सही प्रवेश अर्जावरच घ्या. नंतर ४० घरांचे जिने चढावे लागतात, आणि लिफ्ट बंद असते.