पॅलेस, प्रासाद आणि रोमची मेंढरं

विचारलंय की रोमच्या पॅलाटाईन हिलला मराठीत 'राजवाड्यांची टेकडी' म्हटलं तर चालेल का, आणि पॅलेस हा शब्द आपल्या 'प्रासाद'वरूनच तिकडे गेला ना? नाही आणि नाही. प्रासाद म्हणजे प्र अधिक सद्, पॅलेसशी काही नातं नाही, पण हा फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी कुणीतरी पुन्हा ढकलतंच.

आणि तिथे राजवाडे होते म्हणून टेकडीचं नाव पॅलाटाईन, असं बेधडक सांगणारे तर डोक्यात जातात. अहो उलटं आहे! टेकडीचं नाव आधीचं, लॅटिनमध्ये पालातिउम. त्यावर रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस याचं घर होतं, तेही साधंच, संगमरवर नाही, आणि रोमन चरित्रकार सुएटोनिअस सांगतो की हा गडी चाळीसहून जास्त वर्षं उन्हाळा-हिवाळा एकाच खोलीत झोपला. जवळच रोम वसवणाऱ्या रोम्युलसची म्हणून जपलेली कुडाची झोपडी होती, जळाली-मोडली की पुन्हा जशीच्या तशी शाकारायचे. खरा डामडौल नंतरचा बादशहा डोमिशियन याचा, त्याने तर सोप्याच्या भिंतींना आरशासारखा चकचकीत दगड लावला, का तर मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून (शेवटी इ.स. 96 मध्ये मारला गेला तो त्याच महालात, झोपायच्या खोलीत).

इतिहासकार दिओ कॅसिअसने लिहून ठेवलंय की बादशहाच्या घराला पालातिउम म्हणावं असा काही हुकूम निघालेला नव्हता, सीझर (म्हणजे ऑगस्टसच) त्या टेकडीवर राहायचा म्हणून नाव पडलं, आणि मग बादशहा दुसरीकडे मुक्कामाला असला तरी त्या घरालाही पालातिउमच म्हणायला लागले. झालं, एका टेकडीचं विशेषनाम सामान्यनाम झालं आणि त्याचंच पुढे इटालियन पलात्झो, फ्रेंच पॅले, इंग्रजी पॅलेस, असं करत करत आपल्या मंगल कार्यालयांच्या पाट्यांवर येऊन बसलं.

पण मुळात टेकडीला ते नाव का? रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो ग्रीसमधल्या आर्केडियातल्या पॅलँटिअम गावावरून, तिथून इव्हँडर नावाचा दंतकथेतला वीर आला म्हणे. मला हे साफ नामंजूर. आपल्याकडे वंशावळ थेट चितोडला नेऊन भिडवतात ना, तसलाच प्रकार. रोमन विद्वान व्हॅरोने हीच कथा पहिली दिली, पण पुढे हेही नोंदवलंय की काहींच्या मते नाव मेंढरांवरून, आणि कवी नेव्हिअस तर टेकडीला 'बालातिउम'च म्हणतो. लॅटिनमध्ये बालारे म्हणजे बें बें करणं! आता जोडून बघा, मेंढपाळांची देवता पालेस (हो, उच्चार अगदी असाच), तिचा पारिलिया सण 21 एप्रिलला, मेंढपाळ गवताच्या जाळावरून उड्या मारायचे, आणि रोमचा वाढदिवसही त्याच दिवशी. 1948 साली त्याच टेकडीवर कातळात लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले. कोशवाले 'व्युत्पत्ती अनिश्चित' लिहून मोकळे होतात, होऊ देत, मी मेंढरांच्या बाजूने.

तालव्यसाठी इंग्रजीत जो पॅलेटल शब्द आहे तो मात्र पालातुम म्हणजे टाळूवरून, त्याची यात भेसळ नको. रोमन कवी एन्निअसने आभाळाच्या घुमटाला 'आकाशाची टाळू' म्हटलंय म्हणून टेकडीचं नावही तिथूनच ओढणारे आहेत, त्यांच्याशी भांडायचंय पण ते वेगळं विचारा, सवडीने भांडू.