मराठवाड्यात सराफीतल्या बायकांची संघटना आहे का? सुरू केली तर तिथं शिकवायचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे गेल्यावर परभणीची पेढी तुमच्या अंगावर आली. अमेरिकेत बायकांची ज्वेलरी असोसिएशन आहे, तिच्या शाखा शिकवण्याचे कार्यक्रम घेतात, असं तुमच्या वाचनात आलं. तसं आपल्याकडे काही आहे का, आणि नसेल तर आपण चार जणींनी सुरू करावं का, हा तुमचा प्रश्न.

मी उदगीरची. नवरा २०१५ च्या दिवाळीत अंथरुणाला खिळला तेव्हापासून पेढीवर बसते. सध्या लातूर, नांदेड, बीडकडच्या आम्ही नऊ जणी दोन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी पेढीमागच्या खोलीत जमतो. बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर मुळीच नाही. तुम्ही म्हणताय ती विमेन्स ज्वेलरी असोसिएशन १९८३ ची. तिच्या प्रादेशिक शाखा आपापले कार्यक्रम ठरवतात, शिष्यवृत्त्याही आहेत. तिचं एकच मी उचललं: कार्यक्रम मुख्य कचेरीतून येत नाही, ज्या गावात बायका बसतात तिथल्या गरजेतून ठरतो. बाकी तिथल्या बाईची अडचण वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे बाई गल्ल्यावर बसलेली चालते, दागिना दाखवलेला चालतो. पण भाव ठरवायची वेळ आली की गिऱ्हाईक विचारतं, "मालक कुठं हायेत?"

आमची पहिली बैठक फसली, ते आधी सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्यालाच जोडून घेतली. पाहुणे बोलावले, शाल, नारळ, वाण, फोटो, सगळं झालं. पाहुण्यांनी तासभर स्त्रीशक्तीवर भाषण केलं आणि जाताना एकेकीला विचारलं, "वहिनी, आज भाव काय चाललाय?" नऊ जणींपैकी सहा जणींना सांगता आला नाही. त्यानंतर आम्ही नियम केला की ज्या बैठकीत हाताला काही लागत नाही ती बैठक घ्यायची नाही.

दुसऱ्या बैठकीत मी माझीच फजिती टेबलावर मांडली. पेढीवर बसायला लागले त्याच वर्षी एका म्हाताऱ्या आजींची बोरमाळ मोडीत, म्हणजे वितळवायचं जुनं सोनं म्हणून, विकत घेतली. काट्यावर तीस ग्रॅम भरली, मणी कसोटीवर घासला तर कस चांगला, मी तेवढ्या सोन्याचे पैसे मोजून दिले. कारागिरानं मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तापवली तर खोलीभर धूर आणि लाखेचा वास. जुन्या बोरमाळेचे मणी आतून लाखेनं भरलेले असतात, सोनं नुसतं वरच्या पत्र्याचं. हातात निम्म्याच्या आसपास सोनं आलं. बंगाली कारागीर माझ्याकडं बघून काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. जुने गोठ, पाटल्या, एकदाणी यांचं असंच असू शकतं. लाख काढून, वितळवून, मग वजन धरायचं, आणि ते गिऱ्हाइकासमोर करायचं. हे पेढीवरच्या पोराला विसाव्या वर्षी शिकवतात. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी शिकायला आलेली नव्हते, बसवलेली होते.

त्या दिवशी खोलीत जो हशा पिकला, त्यानंतर प्रत्येकीनं आपापली फसवणूक सांगितली. एकीनं केडीएमचा किस्सा सांगितला. गिऱ्हाईक "केडीएम सोनं द्या" म्हणायचं आणि ती मान हलवायची. केडीएम ही शुद्धता नव्हे. डाग, म्हणजे दागिना, झाळायला (सांधायला) कॅडमियमचं झाळण वापरायचे, त्यावरून ते नाव पडलं. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक, म्हणून हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का असलेल्या, दागिन्यात ते चालत नाही. तिचा कारागीर बंद खोलीत फुंकणी घेऊन वर्षानुवर्षं तो धूर ओढत होता. तिनं दुसऱ्याच दिवशी खिडकीला पंखा बसवला.

टंच काढण्यावर, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासण्यावर, आम्ही दोन बैठका घातल्या, आणि तुम्हीही घाला. आपल्या बहुतेक जणींना मशीनच्या आकड्याची भीती तरी असते नाहीतर त्यावर आंधळा विश्वास. कसोटीचा दगड आणि तेजाब (आम्ल) हा जुना मार्ग, हात बसायला वेळ लागतो. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, मशीन मिनिटात आकडा देतं, पण ते वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल, आत दुसराच धातू असेल, तर आकडा सुंदर येतो आणि आपण खड्ड्यात जातो. शंका असेल तर तुकडा कापून आतल्या बाजूनं बघायचं, किंवा वितळवून मग लावायचं. खरा निवाडा हॉलमार्किंग केंद्रातल्या आगीच्या कसाचा. थोडं सोनं शिसं आणि चांदीबरोबर तापवतात, हिणकस धातू शोषले जातात, मग चांदी तेजाबात विरघळवतात, उरतं ते शुद्ध सोनं, आणि ते तोलतात. आम्ही नऊ जणी एका केंद्रात जाऊन हे उभ्यानं बघून आलो. तिथला मुलगा आधी म्हणाला, "मॅडम, लेडीजना उकाडा होईल." त्याला काय माहीत, आम्ही उन्हाळ्यात पापड लाटणाऱ्या.

हॉलमार्कचं थोडक्यात, कारण ते गिऱ्हाईकही विचारतं. सक्ती २३ जून २०२१ पासून सुरू झाली, आधी देशातल्या २५६ जिल्ह्यांत, मग टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०), आणि तो एचयूआयडी. बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर दाखवा, निम्मी घासाघीस तिथंच संपते. दोन ग्रॅमच्या आतले डाग, म्हणजे बाळ्या, छोटी नथ, सुटे मणी, सक्तीतून बाहेर आहेत. कुंदन, पोलकी, जडावही बाहेर. वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर दुकानाला सूट आहे, पण त्या भरवशावर राहू नका. १० ग्रॅमचा भाव २०२५ मध्ये लाखाच्या वर गेला. वर्षभरात चाळीस तोळेही विकले नाहीत, अशी पेढी तालुक्याला किती असतील?

तोळ्यावरून आठवलं. सासऱ्यांच्या जुन्या वह्या काढाल तेव्हा सावध राहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा. आजच्या पेढीवरचा तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या चिठ्ठीतले पाच तोळे ५८ ग्रॅमच्या वर भरतात आणि आपण ५० धरले, तर भांडण आपल्या ओट्यावर येतं.

वही वाचायला मी २०१६ मध्ये शिकले. अबकारी कराविरुद्ध देशभर सराफांचा संप झाला, मार्चच्या सुरुवातीपासून पेढ्या दीडेक महिना बंद. पुरुष मोर्चे काढत होते, मी घरी लाल वह्या उघडून बसले होते. त्याच एप्रिलात दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. त्या वर्षी पेढी उघडल्यावर जे पहिलं गिऱ्हाईक आलं ते घ्यायला नाही, मोडायला आलं. आपल्या भागात सोयाबीन चांगलं झालं तर दिवाळीनंतर डोरलं, गंठण निघतं, आणि पाऊस दडला की तेच डोरलं परत येतं. म्हणून मी म्हणते, मराठवाड्यातल्या सराफिणीला विकण्याआधी मोड घेणं आलं पाहिजे. ओळखपत्राची प्रत, फोटो, सही केलेली पावती, आणि पैसे बँकेतून. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च सहसा धरत नाहीत, आणि विकताना २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. माल चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात, तेव्हा ती पावतीच बोलते. आणि दागिना ठेवून घेऊन व्याजानं पैसे द्यायचे असतील तर सावकारीचा परवाना लागतो. "ओळखीचाच आहे" म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू नका. काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून पडताळून घ्यायचा, ते प्रमाणपत्र भिंतीला लावायचं.

आता सगळ्यात उपयोगाची बैठक. आम्ही तिला "भाव बोलायची" म्हणतो. एक जण गिऱ्हाईक होते, एक जण मालकीण, बाकीच्या सात जणी खोड्या काढायला. गिऱ्हाईक म्हणतं, "मजुरी कमी करा, मागच्या बारी मालकानं केली होती." मालकिणीनं नवऱ्याचं नाव न घेता, "विचारून सांगते" न म्हणता उत्तर द्यायचं. भाव, वजन, मजुरी, तीन टक्के जीएसटी, सगळं कागदावर मांडून दाखवायचं आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आमच्यातल्या एकीला तीन बैठका लागल्या. परवा तिनं सांगितलं, खरं गिऱ्हाईक समोर होतं, तिनं भाव सांगितला, तोंड मिटलं, आणि आत बसलेल्या दिराला बाहेर येऊ दिलं नाही.

कोणाकोणाला बोलवायचं हाही तुमचा प्रश्न होता. फक्त पेढीवाल्या नकोत. दागिने गाठवणाऱ्या पटवेकरणी पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत, त्यांना कोणी धंद्यातलं मोजत नाही. पोत गाठवताना कुठला मणी हलका, कुठल्या वाटीला चीर, हे त्यांच्या बोटांना आपल्या आधी कळतं. आमच्या गटात एक आहे आणि टंचाच्या बैठकीत तीच सगळ्यांची गुरू झाली. तांड्यावरच्या एका बंजारा मावशींनी घुगरी-टोपली, हासळी हे चांदीचे दागिने आणून दाखवले, जुनी चांदी आणि आजची बाजारातली चांदी हातात ठेवून फरक सांगितला. अशा दोन-तीन बायका मिळवा, व्याख्याते लागत नाहीत.

नोंदणी, ट्रस्ट, लेटरहेड हे वर्षभर तरी डोक्यातून काढा. तालुक्याच्या सराफ असोसिएशनशी भांडू नका, पण त्यांची वाटही बघू नका. आमच्याकडे त्यांची मीटिंग रात्री नऊला, पेढ्या बंद झाल्यावर असते, त्या वेळी आपल्या घरी काय चाललेलं असतं ते त्यांना विचारून काय उपयोग. मुंबईचं दागिन्यांचं मोठं प्रदर्शन एकदा बघून या, डोळे उघडतात, पण तिथं कोणी बोरमाळेतली लाख दाखवत नाही. हातानं घडवणारी कोणी तुमच्यात असेल तर तिला पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. २०२३ पासूनच्या त्या योजनेतल्या १८ कारागिरीत सोनारकाम आहे, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात. घरातल्या एकालाच मिळतं, म्हणून नाव कोणाचं घालायचं हे घरात आधी ठरवा, आणि ठरवताना तुम्ही तिथं हजर असा.

पुढच्या वेळी आम्ही तेरला चाललोय. तिथल्या लामतुरे संग्रहालयात तगरच्या, म्हणजे जुन्या तेरच्या, उत्खननातले मणी ठेवलेत, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पार रोमपर्यंत जायचा. गोरोबाकाकांचंही दर्शन होईल. थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगणारे ते, आमच्या धंद्याला शोभणारेच. सकाळी उदगीरहून निघू. परभणीहून उदगीरला थेट रेल्वे आहे, आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला या. येताना सासऱ्यांच्या तिजोरीतला एक जुना डाग घेऊन या, ज्याचा भाव सांगायला तुम्हाला भीती वाटते. लाखेचा असला तर आणखी चांगलं.