हात कुठं शिकले, ते विचार

पोरी,

प्रबंधाचा आराखडा वाचला. गरीब देशांना मदत द्यावी की कर्जमाफी, यावरच अडून बसलीस? आणि हे परभणीची मुलगी विचारायली! 2008, 2017, 2019 च्या माफ्या आपल्या घरांनी पाहिल्यात. सातबारा कोरा झाला आणि पुढच्या पेरणीला पुन्हा सावकाराचं दार. माफी नको, असं मी म्हणत नाही. नाकातोंडात पाणी गेलेल्याला आधी वर काढावंच लागतं. पण आफ्रिकेतला झांबिया बघ. 2005 मध्ये त्याला मोठ्या माफीचा रस्ता मोकळा झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्यानं रोख्यांवरचं 4 कोटी 25 लाख डॉलरचं व्याज थकवलं. मधल्या काळात मुख्य निर्यात तांब्याचीच. भाव पडला की तिजोरी रिकामी. म्हणून विचार, हात कुठं शिकले?

बांगलादेश कापूस जवळपास सगळा बाहेरून आणतो. 1979 मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या तयार कपड्यांच्या कंपनीनं 130 जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडं काम शिकायला पाठवलं. परतल्यावर बहुतेकांनी नोकरी सोडली आणि जागोजागी कपड्यांचे नवे कारखाने उभे केले. मालकाचं नुकसान, देशाचं भलं. (गोडवे मात्र गाऊ नकोस. 2013 मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, तेही लिही.)

उलट पश्चिम आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, बेनिन. कापूस घरचा, पण रुईच्या गाठी बहुतेक तशाच जहाजावर चढतात. 2003 मध्ये चाडला सोबत घेऊन ते कानकूनला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत, अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध भांडले. रास्त भांडण. पण अनुदान उद्या बंद झालं तरी गाठी जहाजावरच. हात शिकले का, हे तिथं कोण विचारणार?

मी प्राध्यापकी सांभाळून शिवणवर्ग चालवला, तेव्हा लोक हसले. शिकलेल्या बायका सुरतेला, तिरुपूरला गेल्या. इथं कारखाना आला नाही, ही खंत आहेच. पण वर्ग फुकट गेला, असं मला कुणी सांगू नये. त्यांचे हात शिकले. मी आजही तोच वर्ग काढीन.

मदतीचं प्रकरण थोडक्यात उरक आणि मानवतच्या जिनिंगवर जा. गाठी कोणत्या गिरणीला जातात, सूत इथं का निघत नाही, ते मुनीमाला विचार. तो चहा पाजेल, हिशेब सांगणार नाही. तरी बसून राहा.