'डेडलाइन'चा मूळ अर्थ काय? मराठीत 'मुदत' म्हणावं की 'अंतिम तारीख'?

प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली.

एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकन यादवीवरचा एक लेख मराठीत आणला होता. विषय जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळाचा. १८६४च्या फेब्रुवारीपासून सुमारे चौदा महिन्यांत दक्षिणेने तिथे उत्तरेचे सुमारे ४५,००० सैनिक डांबले, त्यांतले जवळजवळ १३,००० मेले. ओंडक्यांच्या तटाच्या आत सुमारे १९ फुटांवर एक बुटका लाकडी कठडा होता. त्याचं नाव 'डेड लाइन'. पलीकडे गेला की तटावरचा पहारेकरी गोळी घालायचा. आतला ओढा घाण झालेला. जरा बरं पाणी मिळावं म्हणून कठड्याखालून हात पुढे करणारेही मारले गेले.

मी लिहिलं होतं 'मरणरेघ'. 'लक्ष्मणरेषा' सुचत होतं, पण ती आतल्या माणसाला वाचवायला ओढलेली. संपादकांनी फर्मा मशीनवर चढायच्या आदल्या रात्री माझा शब्द खोडला. छापून आलं, "कैद्याने मुदत ओलांडताच पहारेकऱ्याने गोळी झाडली."

फोन केला, तर म्हणाले, "अहो, डेडलाइन म्हणजे मुदत, हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल." वर माझा मजकूरच आठ दिवस उशिरा आला होता, हेही ऐकवलं. ते खरं होतं. पण मुदत कधी कुणी ओलांडतं का? मुदत उलटते, टळते, संपते. ओलांडायला रेघ लागते, नाहीतर उंबरा. निदान त्या क्रियापदाला तरी ठेच लागायला हवी होती! अनुवादक म्हणून नाव माझं, त्यामुळे सोलापूरच्या एका वाचकाचं पोस्टकार्डही मलाच आलं: 'कैद्यांना मुदत किती दिवसांची होती?'

तर, वेळेची मर्यादा हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रांत रुळला. ऑफिसात 'मुदत' बिनधास्त म्हणा. 'अंतिम तारीख' परीक्षेच्या फॉर्मवर शोभते. जुन्या मजकुरात मात्र कोश मिटून आधी क्रियापद बघा. आणि शेवटचं प्रूफ स्वतःच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय अनुवाद सोडू नका, संपादक कितीही घाईत असोत.

हां, एक राहिलं. छपाईयंत्रावरही एक डेडलाइन असायची, तिच्याबाहेरचा मजकूर कागदावर उठत नसे. त्यामुळे वर्तमानपत्रांनी शब्द थेट तुरुंगातूनच उचलला, असं छातीठोकपणे सांगू नका. अँडरसनव्हिलमध्ये गोळीने मेले तेही थोडेच. बाकीचे हगवण, स्कर्व्ही आणि उपासमारीने गेले. तळाचा प्रमुख हेन्री विर्झ १० नोव्हेंबर १८६५ला वॉशिंग्टनमध्ये फासावर गेला.

संपादक खुलासा छापायला तयार झाले नाहीत. शेवटी सोलापूरच्या त्या गृहस्थांना मीच उलट टपाली कळवलं, की दिवस नव्हेत, तटापासून १९ फूट.