कपाटात पडून असलेली महागडी पर्स विकायचीय, पण हातात किती येतील?

मागच्या अंकात कपाट आवरण्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून सगळ्यात जास्त मेल एकाच विषयावर आलेत. घरात ब्रँडेड महागडी वस्तू पडून आहे, वापर काही होत नाही, विकली तर किती येतील आणि फसवणूक होणार नाही ना. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलंय पण त्यातलं निम्मं बाकीच्यांनाही लागू आहे, त्यामुळे सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न : ताई, ५ वर्षांपूर्वी मिस्टरांनी दुबईहून लुई व्हिटॉनची नेव्हरफुल पर्स आणली होती, लाखाच्या वर किंमत होती तेव्हा. मी रोज लोकलने जाते, गर्दीत ती कुठे नेणार, जेमतेम ८-१० वेळा वापरली असेल. एका दुकानात दाखवली तर ३५ हजार म्हणाले, आणि म्हणे आजच द्या, नंतर हा भाव मिळणार नाही. देऊ का? – एक वाचक, डोंबिवली

नका देऊ. निदान आज तरी नका देऊ. "आजच द्या" म्हणणाऱ्याला तुमच्या पर्सची किंमत तुमच्यापेक्षा चांगली माहितीये आणि तुम्ही दुसरीकडे विचारू नये एवढंच त्याला हवंय.

आधी हे बघा की तुमच्या हातात नक्की काय आहे. लुई व्हिटॉन आपल्या पर्स कधी सेलमध्ये काढत नाही, त्यांचं आउटलेट दुकानही नाही, आणि नवीन मालाच्या किमती ते वाढवत राहतात, त्यामुळे जुन्या पर्सलाही भाव टिकून राहतो. याउलट कोच किंवा मायकल कोर्सची पर्स आउटलेटमध्ये नवीकोरीच बऱ्याच कमी किमतीत मिळते, मग जुनीला कोण जास्त देणार, म्हणून ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी अपेक्षा कमी ठेवलेली बरी. नेव्हरफुल २००७ मध्ये आली आणि अजूनही तिला मागणी आहे, म्हणजे तुमची वस्तू चालणारी आहे. एखाद्या सीझनपुरता निघालेला विचित्र रंग असता तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागलं असतं.

आता घरात शोधाशोध करा. बिल (दिरहममधलं असलं तरी चालतं, उलट चांगलंच), कापडी डस्ट बॅग, डबा. आणि या पर्सबरोबर आत एक छोटं पाऊच येतं, हुकने अडकवलेलं, ते बायका वेगळं वापरायला काढतात आणि मग ते कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहतं, ते शोधाच. पाऊच नसेल तर घेणारा तेवढ्यावरून भाव पाडतो.

खरी की खोटी यावरून कुणी घाबरवलं तर एक लक्षात ठेवा. आधीच्या पर्समध्ये आतल्या बाजूला अक्षरं आणि आकडे असलेला डेट कोड असायचा, कुठे बनली आणि कुठल्या आठवड्यात-वर्षात बनली ते त्यातून कळायचं. २०२१ पासून कंपनीने कोड बंद करून आत मायक्रोचिप घालायला सुरुवात केली. तुमची पर्स नेमकी त्याच सुमाराची आहे, म्हणजे कोड दिसला नाही म्हणून ती लगेच नकली ठरत नाही, आणि दिसला म्हणून लगेच अस्सलही ठरत नाही कारण नकली बनवणारे कोडही छापतात. बिल जपून ठेवलंत तर अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आणि कृपा करून ती धुऊ-पुसू नका. पट्टे आणि कडेचं जे फिकट लेदर असतं ते वापराने, उन्हाने मधासारखं गडद होत जातं, तो मळ नाही, ते तसंच असतं. त्यावर ओलं वाइप, सॅनिटायझर, लिंबू असलं काही लावलं की कायमचे डाग पडतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, आतले कोपरे झटका, बस. डोंबिवलीची पावसाळी हवा म्हणजे बुरशीला आमंत्रण, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली असेल तर आधी बाहेर काढा, आत साधा कोरा कागद भरा (वर्तमानपत्र नको, शाई लागते), सिलिका जेलच्या पुड्या टाका. आतल्या अस्तराला वास यायला लागला की दहा जण बघून परत जातात.

आता विकायच्या वाटा. एक, दुकानदाराला किंवा जुन्या लक्झरी वस्तू घेणाऱ्या वेबसाइटला सरळ विकून टाकायची, पैसे लगेच पण कमी. दोन, कन्साइनमेंट, म्हणजे वस्तू त्यांच्याकडे ठेवायची आणि विकली गेली की कमिशन कापून बाकीचे आपल्याला. तीन, स्वतःच गिऱ्हाईक शोधायचं, पैसे सगळ्यात जास्त आणि डोक्याला तापही सगळ्यात जास्त.

बहुतेक जणी इथेच चुकतात, लिस्टिंगचा आकडा, म्हणजे विकायला लावलेली किंमत, बघून खूश होतात. समजा कन्साइनमेंटवाल्याने सांगितलं की १ लाखाला लावू, कमिशन २५ टक्के, म्हणजे तुम्हाला ७५ हजार. दुसरा कुणीतरी आजच ६० हजार रोख देतोय. ऐकायला पहिलं बरं वाटतं, पण ३ महिने विकली नाही आणि त्यांनी किंमत ८० हजारावर आणली तर कमिशन जाऊन तुमच्या हातात ६० हजारच येतात, तेही ३ महिन्यांनी. माझं स्वतःचं असंच झालं होतं. एका ठिकाणी पर्स ठेवली, त्यांनी मला न विचारता दोनदा किंमत उतरवली, मी चिडून फोन केला तर म्हणाले करारात लिहिलंय, आणि खरंच लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी विचारते: कमिशन किती, किंमत उतरवायच्या आधी मला विचारणार का, किती दिवस ठेवणार, परत हवी असेल तर पैसे लागतील का, तुमच्याकडे असताना डाग पडला तर जबाबदारी कुणाची. उत्तर तोंडी नको, मेलवर मागा. आणि वस्तू देताना सगळ्या बाजूंनी, कोपऱ्यांचे, चेनचे, आतले फोटो तारखेसकट काढून ठेवा.

भाव कळायला ईबेवर जाऊन फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारं फिल्टर लावा, तिथे लोकांनी मागितलेली नाही तर खरोखर मोजलेली किंमत दिसते. आपल्याकडे तोच आकडा मिळेल असं नाही पण ३५ हजार हे बरोबर की चूक एवढं नक्की कळेल. मग निदान तीन ठिकाणी फोटो पाठवून भाव घ्या, आणि तीनही आकड्यांतून कमिशन, कुरिअर सगळं वजा करून हातात काय पडतंय तेवढंच एका कागदावर लिहा.

प्रश्न : माझा लग्नातला डिझायनर लेहेंगा आहे, दोनच वर्षं झालीत, एकदाच घातलाय. अर्धे पैसे तरी यावेत ना? – नाशिक

अर्धे आले तर फार छान झालं असं समजा. पर्स कुणाच्याही खांद्यावर बसते, लेहेंगा तुमच्या मापाचा शिवलेला आहे, आणि नवरीला बहुतेक वेळा नवाच हवा असतो. घेणारी बहुतेक नवरीची बहीण, करवली किंवा रिसेप्शनसाठी शोधणारी असते, तिच्या नजरेने फोटो काढा. ब्लाउजच्या आत शिलाईत किती कापड दाबलेलंय ते मोजून लिहा, कंबर आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहा, "फ्री साइज" लिहू नका. नावाजलेल्या डिझायनरच्या कॉप्या बाजारात ढिगाने आहेत, म्हणून लेबलचा जवळून फोटो आणि बिल हवंच.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू, पण कपडे त्याच्या बरेच आधी बघितले जातात. गणपती-नवरात्राच्या सुमाराला तुमचा लेहेंगा विकायला लागलेला असला पाहिजे. जूनमध्ये लावलात तर घासाघीस करणारेच भेटतील. आणि तोपर्यंत सुती कापडात, घड्या बदलत ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, आणि जरीच्या कामावर सेंट तर कधीच मारू नका, काम काळं पडतं. पडून राहण्यापेक्षा भाड्याने देणाऱ्यांकडे देता येतो हेही खरंय, पण दोन-तीन भाड्यांनंतर तो विकण्यासारखा राहत नाही, त्यामुळे आधी काय करायचं ते ठरवून टाका.

प्रश्न : ॲपवर गॉगल विकायला लावला तर पाच मिनिटांत एकाचा मेसेज, किंमत मान्य, मी आर्मीत आहे, बॉर्डरवर पोस्टिंग आहे, पेमेंट पाठवतो, क्यूआर स्कॅन करा. करू का? – पुणे

अजिबात नाही, आणि हे उत्तर वाचेपर्यंत केलं नसेल अशी आशा आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन आणि पिन हे पैसे देताना लागतं. आर्मीचं नाव, वस्तू न बघता किंमत मान्य, लगेच पेमेंट, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त.

स्वतः विकणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, भेटायचं तर मॉलच्या कॅफेत किंवा बँकेत भेटा, घरी बोलवू नका. पैसे आलेत हे समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. कुरिअरने पाठवत असाल तर सिरियल नंबर दिसेल असा पॅकिंगचा अखंड व्हिडिओ काढा, कारण अस्सल ठेवून घेऊन नकली परत पाठवणारेही असतात.

प्रश्न : फर्स्ट कॉपी पर्स आहे, एकदम ओरिजिनलसारखी, कुणालाच कळत नाही. स्वस्तात विकली तर चालेल ना? – ठाणे

नाही चालणार. घेणारीला कॉपी आहे असं सांगितलं तरी नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेली वस्तू विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. स्वतः वापरा नाहीतर टाकून द्या, पण विकू नका.

प्रश्न : आजीची जुनी पैठणी आहे, घडीवर विरलीय. जुनी जर घेणारा दारावर आला होता, वजनावर पैसे देतो म्हणाला. मला नेसायची नाहीये पण मन होत नाही. – छत्रपती संभाजीनगर

ही काही ब्रँडची पर्स नाही, पण या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला. पूर्वी बोहारणीला जुन्या साड्या देऊन भांडी घ्यायचे आणि त्यात किती अस्सल जरीच्या साड्या गेल्या असतील. जुन्या चांगल्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा असायचा. वजनावर घेणारा साडी नाही, चांदी विकत घेतो. तो ती जाळून चांदी काढणार, म्हणून त्याचा भाव कधीच विणकामाचा नसतो.

आधी पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट मागच्या बाजूलाही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसतात, यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. हातमागाची असेल आणि पदर-काठ शाबूत असतील तर विरलेल्या अंगामुळे घाबरायचं कारण नाही, काठ-पदर काढून नव्या रेशमावर बसवून देणारे कारागीर आहेत, आणि जुन्या पैठण्या जमवणारे, त्यांच्या पदराचे दुपट्टे-जॅकेट करणारे डिझायनरही घेतात. येवला तुमच्यापासून फार लांब नाही, तिथे दोन-तीन विणकरांना दाखवा, ते हात लावून सांगतील. जरीचं काम अस्सल आहे का ते ओळखीच्या सोनाराकडे एक सुटलेला धागा नेऊन बघता येतं, पूर्ण साडी द्यायची गरज नाही.

मन होत नाही म्हणालात म्हणून सांगते, माझ्या मावशीने तिच्या आईच्या पैठणीचं अंग विरलं तेव्हा पदर स्वतःकडे ठेवला आणि फक्त काठ विकले, काठांचे बऱ्यापैकी पैसे आले. तुम्हीही दारावरच्या माणसाला सध्या नाही म्हणा आणि त्याच्यासमोर साडीची घडी मोडून दाखवू नका, विरलेलं रेशीम प्रत्येक वेळी थोडं आणखी फाटतं.